वाळ्याला डांबरगोळीचा वास: गिरगावातल्या एका सुगंध-संग्रहालयाचा पहिला पावसाळा

जुलैचा तिसरा आठवडा. पाहायला आलेल्या एका आजींनी वाळ्याची वाटी नाकाशी नेली, मग चंदनाची, मग नागरमोथ्याची, आणि म्हणाल्या, "अहो, हे सगळं कपाटातल्या शालूसारखं वासतंय." त्या आठवड्यातल्या सगळ्या तक्रारींत नेमकी तक्रार हीच होती. बिघाडाचं निदान तिच्यापासूनच सुरू झालं.

संग्रहालयाचं नाव इथे दिलेलं नाही. जागा, आकडे आणि घटनाक्रम मुंबईतल्या अशा छोट्या जागांत जे नेहमी घडतं त्यावरून बांधले आहेत. गिरगावातल्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आतून जोडलेले दोन गाळे, मिळून ४२० चौरस फूट. विषय एकच: अत्तर, धूप, उटणं यांत पडणारे नैसर्गिक घटक. पुढच्या खोलीत ६२ घटक उघड्या वाट्यांत, सुपांत, परातींत मांडलेले. मागच्या खोलीत तांब्याची डेग आणि भपका (अत्तर ओढायचा हंडा आणि त्याची वाफ गोळा करायचं भांडं), गुलाबदाण्या, अत्तरदाण्या, आणि एका कपाटात तेलांचा साठा. पुढे दीड टनाचा एक स्प्लिट एसी, मागे एक एक्झॉस्ट पंखा. जागा मार्चमध्ये उघडली. मे अखेरपर्यंत काही अडलं नाही.

काय काय बिघडलं होतं

वाळ्याच्या जुड्यांवर पांढरी लव आली होती. वाळलेल्या गुलाबपाकळ्यांच्या तळाशी बारीक भुकटी साठली होती आणि पाकळ्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती. संत्र्याच्या तेलाला टर्पेंटाइनची झाक आली होती. त्याच तेलाच्या ड्रॉपरचं रबर फुगून चिकट झालं होतं. बाटल्या उभ्या करायला कोरून घेतलेल्या थर्माकोलच्या ठोकळ्यात, जिथे तेल सांडलं तिथे, खड्डा पडला होता. भेट अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांपैकी बरेच जण डोकं चढल्याचं सांगत होते.

पहिली चाचणी साधी होती. दहा घटकांना आकडे दिले, प्रत्येकाचा चिमूटभर नमुना झाकणाच्या काचेच्या बाटलीत घेतला आणि बाटल्या इमारतीबाहेर, बोळाच्या तोंडाशी नेल्या. खोलीत बसून खोलीचा वास कळत नाही, नाक दोन-चार मिनिटांत त्याला सरावतं. बाहेरच्या हवेत पाच जणांनी डोळे मिटून ओळखलं तेव्हा दहांपैकी सरासरी चारच बरोबर आले. चुकलेल्या सहांचं वर्णन जवळपास एकाच शब्दात होतं: कापूर. कापूर तर त्या दहांत नव्हताच.

दुसरी चाचणी आर्द्रतेची. बाजारात मिळणाऱ्या डिजिटल मापकावर डोळे झाकून विसंबू नये, पाच-सात टक्क्यांचा फरक सहज असतो. तपासायची रीत स्वयंपाकघरातली आहे. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घालायचं, आणि ते झाकण व मापक एका घट्ट डब्यात १२ तास बंद ठेवायचं. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. जितका फरक दिसेल तितका पुढच्या प्रत्येक नोंदीतून वजा किंवा अधिक करायचा. असे तपासलेले दोन मापक तीन दिवस ठेवले. एसी चालू असताना, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, पुढच्या खोलीत २४ अंश आणि ५८ टक्के. रात्री एसी बंद झाल्यावर पहाटे सहापर्यंत २९ अंश आणि ८४ टक्के.

सुक्या वनस्पतीवर बुरशी धरायला ६५ ते ७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता काही दिवस टिकली की पुरते. इथे रोज रात्री दहा-बारा तास ती मिळत होती. सकाळी एसी लावला की मापकावर आकडा सुधारलेला दिसे आणि सगळ्यांना हायसं वाटे. पण वाळ्याच्या जुडीच्या गाभ्यात रात्री शिरलेला ओलावा आठ तासांत बाहेर येत नाही.

एसी म्हणजे हवा बदलणं नव्हे

छोट्या जागांत हा गैरसमज जवळजवळ नेमाने आढळतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड कॉइलवरून पुन्हा पुन्हा फिरवतो. सुगंधाचे जड रेणू त्या ओल्या कॉइलवर आणि जाळीच्या धुळीवर बसतात आणि एसी बंद झाल्यावर सुटतात. म्हणून सकाळी दार उघडताच येणारा वास घटकांचा नसतो, आदल्या आठवड्याचा असतो.

मग खिडकी उघडावी? जुलैत बाहेरची हवा २८ अंश आणि ८८ टक्के धरली तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी धरू लागतं तो, २६ अंशांच्या जरा खाली येतो. ती २४ अंशांच्या खोलीत शिरली की काचेवर, तांब्यावर, बाटल्यांच्या खांद्यांवर पाणी धरणारच. मागचा एक्झॉस्ट चालवून पाहिला होता. त्याने तितकीच हवा दाराच्या फटीतून आत ओढली, सोबत बोळातल्या गटाराचा आणि शेजारच्या खानावळीतल्या बोंबील-तळणीचा वास. वासाला हवा खेळती लागते, वस्तूला कोंडलेली कोरडी हवा लागते. एकाच खोलीत, एकाच वाटीत दोन्ही साधायचा प्रयत्न इथे मुळातच फसलेला होता. पावसाळ्याने तो फक्त उघडा पाडला.

डांबरगोळ्या आणि तीळ

आजींच्या शालूचं उत्तर कपाटांच्या मागे सापडलं. जूनमध्ये कसर दिसली म्हणून साफसफाई करणाऱ्यांनी प्रत्येक कपाटामागे चार-चार डांबरगोळ्या टाकल्या होत्या. घरात आपण तेच करतो, त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. शिवाय पुढच्या खोलीत भीमसेनी कापराचा पाव किलोचा ढीग उघड्या परातीत होता. दोन्ही पदार्थ घनरूपातून थेट वाफेत जातात. परात दर महिन्याला हलकी होत होती, आणि गेलेला कापूर उरलेल्या ६१ घटकांत वाटला जात होता.

वाटणी सारखी झाली नव्हती, आणि निदान पक्कं झालं ते त्यामुळेच. काचेच्या बंद बाटलीतली तेलं जवळपास स्वच्छ होती. मुळं मध्यम बिघडली होती. सर्वांत वाईट हाल तिळांचे. तीळ तिथे का होते हे इथे सांगायलाच हवं. चमेलीचं तेल करायची आपल्याकडची जुनी रीत अशी: धुतलेल्या तिळांचा एक थर, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ. फुलं कोमेजली की चाळून काढायची आणि नवी पसरायची. तिळातली चरबी वास शोषते, आणि पुरेसे फेरे झाले की ते तीळ घाण्यात घालून सुगंधी तेल काढायचं. फ्रान्समधल्या ग्रास गावात काचेवर प्राण्यांच्या चरबीचा थर देऊन त्यावर फुलं पसरत. तत्त्व तेच. परातीत दाखवायला ठेवलेल्या तिळांनी आपलं काम चोख केलं होतं, फक्त चमेलीऐवजी डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन शोषून.

उपाय: वस्तू वेगळी, वास वेगळा

नोंदवह्याच दोन केल्या. पहिलीत वस्तू: ओंडका, मूळ, डिंक, भांडं. त्या जपायच्या, उघडायच्या नाहीत. दुसरीत वास: तेलं, अर्क, ताजी फुलं. ते वापरून संपवायचे आणि पुन्हा भरायचे. वासाच्या वहीत प्रत्येक बाटलीला भरल्याची तारीख आणि फेकायची तारीख. वस्तूच्या वहीत फेकायची तारीख नसते. एवढा फरक कागदावर आल्यावर पुढचे निर्णय सोपे झाले.

वस्तू घासून बसणाऱ्या काचेच्या झाकणाच्या बरण्यांत गेल्या. ॲक्रिलिक टाळलं, ते वास धरून ठेवतं आणि अल्कोहोलने त्याला बारीक तडे जातात. बरणीच्या तळाशी कापडी पुरचुंडीत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे), नारिंगी रंगाचं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, हाताळायला नको. नारिंगी दाणे हिरवे पडले की ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून परत वापरता येतात. पण एक खबरदारी क्वचितच कुणी सांगतं: सिलिका पाण्याबरोबर वासही धरते. लवंगेच्या बरणीतली पुरचुंडी चंदनाच्या बरणीत गेली की चंदनाचं मातेरं. म्हणून प्रत्येक पुरचुंडीवर घटकाचं नाव शिवलेलं. मोठ्या बंद शोकेससाठी घनमीटरला सुमारे २० किलो सिलिका हे संग्रहालयशास्त्रातलं जुनं प्रमाण आहे, मात्र ती हव्या त्या आर्द्रतेला आधी आणलेली असावी. पूर्ण सुकी सिलिका टाकली तर लाकडी अत्तरदाण्यांना चिरा जातात.

मागची खोली साठ्याची आणि भांड्यांची केली. दाराला खाली ब्रशची पट्टी, एक्झॉस्ट बंद करून भोक बुजवलं, आणि दिवसाला २० लिटर पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर ५५ टक्क्यांवर लावला. पहिल्या आठवड्यात आकडे सुधारले नाहीत. यंत्राची पाण्याची टाकी रात्री तीनच्या सुमारास भरे आणि यंत्र आपोआप बंद पडे. टाकीच्या मागच्या तोंडाला नळी लावून ती उतार देत मोरीत सोडली तेव्हा पहाटेचा आकडा ५६ वर थांबला. मुंबईत डीह्युमिडिफायर घेणाऱ्याने आधी मोरी कुठे आहे ते पाहावं, मग मॉडेल.

कीड लागलेल्या पाकळ्या, धणे, गव्हला यांना डीप फ्रीझर: दुहेरी पिशवीत हवा दाबून काढून उणे १८ अंशांवर १४ दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड पाकळ्यांवर हवेतलं पाणी धरतं आणि कीड गेली तिथे बुरशी येते. भुकटी पाडणारे हे तपकिरी भुंगेरे तंबाखू आणि मसाल्यांत सापडतात तेच. ते बहुतेक वेळा दुकानातूनच मालासोबत येतात. त्यामुळे काष्ठौषधीच्या दुकानातून आलेली प्रत्येक पुडी आधी फ्रीझरमध्ये, मग बरणीत.

काय वाचलं, काय गेलं? लव आलेला वाळा टाकला. नुसता वास धरलेला वाळा सावलीत पसरला, दोन दिवसाआड पाण्याचा हबका मारून पंख्याखाली पूर्ण सुकवला. दहा दिवसांत तो बराचसा पुन्हा वाळ्यासारखा झाला. धुपाच्या डिंकाचे खडे फोडले, आतला भाग निर्मळ होता, फक्त बाहेरचा पापुद्रा खराब. चंदनाच्या ओंडक्याचा वरचा पातळ थर पॉलिश कागदाने उतरवला. कुटलेली सगळी चूर्णं गेली. ती पृष्ठभागच असतात, वाचवायला आत काही उरलेलं नसतं.

हुंगायची खोली

पुढच्या खोलीत आता उघडं काही नाही. एका लांब टेबलावर नऊ गडद तपकिरी बाटल्या आणि कागदी पट्ट्या. ६२ वरून नऊ हा उतार चालवणाऱ्यांना पचायला जड गेला, पण पाच-सहा वासांनंतर नाक भेद करेनासं होतं आणि नऊ हीच ताणलेली मर्यादा आहे. मधे कॉफीच्या बिया ठेवायची फॅशन आहे. कॉफी हाही एक वासच आहे, आणि दांडगा. त्यापेक्षा स्वतःच्या बाहीचा, कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायला सांगणं बरं.

तेलं स्पिरिटमध्ये विरळ करणं अत्तराच्या धंद्यात रूढ आहे, पण इथे ते टाळलं. स्पिरिटसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि जुन्या इमारतीत, वर माणसं राहत असताना, भडकणारं द्रव साठवायचं कारण नाही. त्याऐवजी डायप्रॉपिलीन ग्लायकॉल घेतलं. ते बिनवासाचं आहे आणि फार सावकाश उडतं. मोजमाप थेंबांत नाही, ग्रॅममध्ये: ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर १ ग्रॅम तेल आणि ९ ग्रॅम ग्लायकॉल. वाळा, नागरमोथा, गुलाब १० टक्के. दवणा ५. लवंग आणि दालचिनी १, कारण पट्टी बोटाला लागतेच आणि दोन्ही तेलं त्वचेला झोंबतात. पट्टी ६ मिलिमीटर रुंद, १४ सेंटिमीटर लांब. आधी दुसऱ्या टोकाला पेन्सिलने नाव लिहायचं, मग ५ मिलिमीटर बुडवायचं. उलट केलं तर दहा मिनिटांत टेबलावर वीस अनामिक पट्ट्या होतात. बॉलपेन नको, शाईला वास असतो.

ग्लायकॉलचा तोटाही आहे. ते वरवरचे, चपळ वास दाबून टाकतं, संत्रं तर जवळजवळ मुकं होतं. संत्र्याचं तेल तसंही हवेने बिघडतं आणि फ्रीजमध्ये ठेवूनही वर्षभराच्या वर धरू नये. यावर उपाय बाजारातच होता: त्या दिवशीच्या फळाची साल पट्टीवर दुमडून दाबायची, बारीक फवारा उडतो, तोच खरा. कापूर मटाराएवढा, छोट्या बंद बाटलीत, क्रमात सर्वांत शेवटी. धुपाचा डिंक जाळायचा नाही. कप गरम ठेवायच्या विजेच्या चकतीवर काचेच्या वाटीत खडा ठेवला की धूर न होता वास सुटतो. प्रत्येक गटानंतर दार उघडून पंखा दहा मिनिटं. या खोलीत वस्तू नाहीत, त्यामुळे आर्द्रता वाढली तरी बिघडत नाही.

फुलं मात्र ऋतूप्रमाणे येतात, दादरच्या फूलबाजारातून, सकाळी. वसंतात कोकणातून आली तर सुरंगी, उन्हाळ्यात मोगरा, सोनचाफा, गणपतीच्या सुमारास केवडा. संध्याकाळी सगळी बाहेर. बकुळ तेवढी अपवाद: ती सुकल्यावरही वास सोडत नाही, म्हणून तिची नोंद दोन्ही वह्यांत आहे.

पाट्या, आणि दारात आलेली कस्तुरी

सफाईच्या निमित्ताने पाट्याही तपासल्या गेल्या. "ऊद" या पाटीखाली अगराचं लाकूड होतं. मराठी घरात ऊद म्हणजे धुपाटण्यात घालायचा डिंक, उदबत्तीतला ऊद. मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्याकडे ऊद म्हणजे अगर, बुरशीने ग्रासल्यावर काळं पडलेलं सुगंधी लाकूड. दोन्ही बरोबर आहेत. आता पाट्या दोन आहेत आणि शेजारीशेजारी. "हिना" खाली मेंदीचं पान एकटं ठेवलं होतं, तिथे हिना अत्तर हे अनेक मसाले, मुळं, डिंक यांचं मिश्रण असतं असं लिहिलं. नखला वनस्पतींच्या रांगेतून उचलला. ते समुद्री गोगलगायीच्या शिंपल्याचं झाकण आहे.

याच काळात एक गृहस्थ आजोबांच्या पेटीतली कस्तुरीची नाफा, म्हणजे मृगाची कस्तुरीची पिशवी, भेट द्यायला घेऊन आले. घेता येत नाही. कस्तुरी मृग वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. वस्तू जुनी आहे, वारशाने आली आहे, एवढ्याने ताब्यात ठेवणं वैध ठरत नाही. त्यांना वन विभागाकडे जायला सांगितलं आणि नाफेला हात लावला नाही. कोकण किनाऱ्यावर सापडणाऱ्या व्हेलच्या 'उलटी'बद्दलही उत्तर तेच. चंदनाच्या ओंडक्याची पावती आणि वाहतूक परवाना आता वस्तूच्या वहीत चिकटवलेला आहे. जटामांसी आणि अगर या दोन्हींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या करारातून नियंत्रण आहे, तेव्हा परदेशातून नमुना मागवायचा तर कागद आधी. कस्तुरीच्या जागी कस्तुरीभेंडीचं बी ठेवलं. त्याचा वास मऊ, किंचित नासपतीसारखा, कस्तुरीच्या कुळातला, आणि त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही.

रिकाम्या झालेल्या जागेत रोशा गवत आलं, आणि आमच्या मते तिथली सर्वांत चांगली मांडणी ती. खानदेशात हे गवत उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून तेल काढत. ते मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथून पुढे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून पडे. भेसळ खपण्याचं कारण रसायनात आहे: रोशा तेलाचा मोठा हिस्सा जिरॅनिऑल हा सुगंधी घटक, आणि गुलाबातही तो असतोच. टेबलावर दोन पट्ट्या बिननावाच्या, एक गुलाब, एक रोशा. बहुतेक जण पहिल्या दमात अडखळतात. दहा मिनिटांनी पुन्हा हुंगलं की रोशातलं गवत वर येतं.

गणपतीनंतर बोळाच्या तोंडाशी तीच दहा बाटल्यांची चाचणी त्याच पाच जणांकडून पुन्हा घेतली: सरासरी आठ. राहिलेल्या दोनांत एक केवडा, तो ग्लायकॉलमध्ये अजूनही फिका लागतो. डेगीवरचा हिरवट थर चिंच-मीठ लावून काढायचा नाही, हे मात्र अजून दर महिन्याला सांगावं लागतं.

बिघडलेले तीळ टाकले नाहीत. त्यातले काही घट्ट बाटलीत घालून मागच्या खोलीत, चमेलीच्या तिळांशेजारी ठेवले आहेत. पाटीवर लिहिलं आहे: "तीळ, २०० ग्रॅम. शोषलेला वास: डांबरगोळी. कालावधी: सहा आठवडे. झाकण उघडू नये."